सायफायमधली कल्पना कितीला पडते? कोकणात बसून तपासायची पद्धत

दिवाळी अंकाला विज्ञानकथा पाठवणारे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मॉडेल मांडणारे, आणि रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर स्पेसशिपच्या सीरिज बघणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. सगळे एकच विचारतात, हे खरंच होऊ शकतं का, आणि उत्तर एका शब्दात पाहिजे असतं. माझा अनुभव असा की हो-नाही म्हटलं की विषय तिथेच संपतो आणि हातात काहीच उरत नाही. त्यापेक्षा बाजारात विचारतो तसं विचारा, कितीला पडेल? कारण सायफायमधली जवळजवळ प्रत्येक कल्पना कुठल्या ना कुठल्या स्वरूपात जगात आहेच, फक्त तिची किंमत कोणीतरी मोजलेली असते, आणि ती किंमत शोधायला लागलात की खरं विज्ञान तिथूनच सुरू होतं.

पद्धत सोपी आहे, वही घ्या. आधी कल्पना एका वाक्यात लिहा, हिरो व्हिलन सगळं बाजूला ठेवून फक्त काय बदललंय तेवढंच. "खेकडा घरापेक्षा मोठा झाला." "माणूस शंभर वर्षं झोपला आणि तरुणच उठला." मग त्या वाक्यात कुठला आकडा ताणलाय ते शोधा, आकार, वेग, वेळ, तापमान की ऊर्जा. तो आकडा ताणला की त्याच्यामागून आणखी काय काय ताणलं जातं ते मोजा. आणि मग बघा की हेच काम निसर्गात आधीच कोणी करतंय का, आणि करत असेल तर बदल्यात त्याने काय सोडलंय. गणित आठवीपर्यंतचं पुरतं. पण नुसतं वाचून नाही कळत हे, करून बघायला लागतं, म्हणून खालच्या कल्पना मी आपल्या किनारपट्टीवर मिळणाऱ्या सामानात तपासता येतील अशाच घेतल्यात.

सुरुवात राक्षसी खेकड्याने करा, कारण त्यात सगळी पद्धत एका दमात दिसते. बाजारातली भरलेली कुर्ली घ्या, रायगडकडचे असाल तर चिंबोरी म्हणा, पाठ साधारण १५ सेंटीमीटर रुंद आणि वजन अर्धा किलो धरू. कथेत ती १०० पट करा. पाठ झाली १५ मीटर. पण लांबी, रुंदी, जाडी तिन्ही १०० पट झाल्यात, म्हणजे वजन १०० × १०० × १०० असं १० लाख पट, ५०० टन! पाय मात्र किती भार पेलणार हे त्याच्या आडव्या कापाच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि ते वाढलंय फक्त १०० × १००, म्हणजे १० हजार पट. हिशोब काय निघाला, पायाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पूर्वीपेक्षा १०० पट भार. ती एक पाऊल टाकायच्या आधीच बसेल. कल्ल्यांचंही तेच, श्वास घ्यायचा पृष्ठभाग १० हजार पट आणि ज्याला ऑक्सिजन पुरवायचा ते शरीर १० लाख पट. शिवाय कुर्ली वाढताना कवच टाकते आणि नवीन कवच कडक होईपर्यंत मऊ असते, ५०० टनांचं मऊ शरीर जमिनीवर नुसतं पसरून जाईल.

हे हाताने बघायचं असेल तर गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, थोडी शाडूची माती आणा. चार पायांचं छोटं जनावर करा, अंगठ्याएवढं. मग अगदी त्याच प्रमाणात, पायाची जाडी पण त्याच प्रमाणात ठेवून, चौपट मोठं करा. ओलं असतानाच दोन्ही उभी करून ठेवा आणि बघा कोण आधी वाकतं. मूर्तिकारांना हे कोणी शिकवलेलं नसतं पण माहीत असतं, छोट्या मूर्तीचा हात नुसत्या मातीवर राहतो, मोठ्या मूर्तीला आत आधार द्यावा लागतो. गॅलिलिओने १६३८ मध्ये हाच विचार मांडला होता, हाडं लांबवली तर ती प्रमाणाबाहेर जाड करावी लागतात. पुढे १९२६ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाने यावर एक सुंदर निबंध लिहिला, हाच माणूस नंतर भारतात राहायला आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

आता निसर्गात कोणी केलंय का ते बघा. जमिनीवरचा सगळ्यात मोठा खेकडा म्हणजे नारळ-खेकडा, अंदमान-निकोबारकडे सापडतो, तो ४ किलोच्या आसपास जाऊन थांबतो. समुद्रात मात्र जपानी कोळी-खेकड्याच्या पायांचा पसारा ३.७ मीटरपर्यंत जातो आणि वजन १९ किलोपर्यंत, कारण भार पाणी उचलतं. देवमासा एवढा मोठा होऊ शकतो तोही त्याच कारणाने, आणि तो किनाऱ्याला लागला की स्वतःच्याच वजनाखाली दबतो, अंग तापतं, श्वास घेणं जड जातं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्यावर आलं होतं तेव्हा लोकांनी किती धडपड केली ते आठवत असेल, समुद्रात ओढून नेलं तरी ते परत आलं आणि शेवटी गेलं. तर तुमच्या कथेतल्या राक्षसी कुर्लीला जगवायचं असेल तर तिला खोल पाण्यातच ठेवा आणि बाहेर आली की मरेल हीच तुमच्या कथेतली अडचण करा. कथा उलट चांगली होते.

दुसरी कल्पना माझी सगळ्यात आवडती आहे, लांबची झोप. यानातले लोक पेटीत झोपतात आणि दोनशे वर्षांनी उठतात. इथे वेळ ताणलाय. शरीरातली रसायनं चालू असतात तोपर्यंत म्हातारपण येणारच, म्हणून ती थांबवायला लागणार, थंड करून किंवा सुकवून.

सुकवण्याचा मार्ग आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, चालू आहे. मे महिन्यात रत्नागिरीच्या किंवा राजापूरच्या सड्यावर उभं राहिलात तर पायाखाली तापलेला कातळ आणि करपलेलं गवत, जिवंत काही असेल असं वाटतच नाही. जून उजाडतो, कातळावरच्या खळग्यांत पाणी साचतं आणि थोड्याच दिवसांत त्यात फेअरी श्रिम्प म्हणजे कोळंबीचे लांबचे नातेवाईक पोहायला लागतात. ते कुठून आले? तिथेच होते, अंड्यांच्या रूपात, धुळीत, महिनोन् महिने कोरडे. गवतांमध्ये आणि इतर झाडांमध्येही हा प्रकार आहे, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या लोकांनी पश्चिम घाटात अशा पूर्ण सुकून पुन्हा हिरव्या होणाऱ्या ६२ जातींची नोंद केली आहे.

हे घरी करता येतं आणि करायलाच पाहिजे असं माझं मत आहे. आर्टेमिया नावाच्या छोट्या खाऱ्या पाण्यातल्या जिवाची सुकी अंडी मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात, कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांना खायला हीच देतात. दिसायला तपकिरी भुकटी, डब्यात वर्षानुवर्षं राहते. एक लिटर पाण्यात चहाचे पाच सपाट चमचे जाडं मीठ विरघळवा, किंवा सरळ समुद्राचं स्वच्छ पाणी गाळून घ्या, त्यात चिमूटभर अंडी टाका, फिश टँकचा छोटा एअर पंप लावून बुडबुडे चालू ठेवा आणि वर दिवा ठेवा. तापमान २८ अंशांच्या आसपास लागतं, ते आपल्याकडे फुकट आहे. २४ ते ३६ तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतील, अर्ध्या मिलिमीटरहून लहान. पंप बंद करून बाजूने टॉर्च लावा, सगळे उजेडाकडे येतात. काल ती भुकटी होती! एकच विनंती, नंतर हे पाणी खाडीत किंवा तळ्यात ओतू नका, बाहेरची जात आहे, पिल्लं टँकमधल्या माशांना घाला.

आता किंमत. ही अंडी ट्रेहालोज नावाची साखर भरून ठेवतात, पाणी गेलं की ती साखर पाण्याची जागा घेते, पेशीतली प्रथिनं आणि पापुद्रे कोसळू देत नाही, सगळं काचेसारखं घट्ट होऊन थांबतं. माणसाचं शरीर ही साखर बनवत नाही, आणि बनवली तरी आपण पाणी सोडून राहू शकत नाही, मेंदू तर नाहीच.

मग थंडीचा मार्ग. इथे कोळणीला विचारा. घरच्या फ्रीजरमध्ये हळूहळू गोठवलेली सुरमई बाहेर काढली की पाणी सुटतं आणि मांस पिचतं, फॅक्टरीतल्या ब्लास्ट फ्रीजरमधली तुलनेने चांगली राहते. कारण हळू गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात, झटकन गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. म्हणजे झोपेच्या पेटीतली खरी लढाई बर्फाशी आहे. आणि झटकन गार करायचं तर वस्तू लहान पाहिजे, पुन्हा तीच कुर्लीची भानगड, मोठ्या शरीराला पृष्ठभाग कमी पडतो आणि आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. म्हणून मानवी भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर वर्षानुवर्षं ठेवतात आणि त्यातून बाळं जन्माला येतात, हे रोजचं झालंय, पण अख्खा माणूस नाही. मधला टप्पा म्हणजे २०२३ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदराची मूत्रपिंडं बर्फ न होऊ देता गोठवून १०० दिवसांपर्यंत ठेवली आणि परत गरम करून उंदरांत बसवली, ती चालली. गरम करणंसुद्धा सगळीकडून एकसारखं पाहिजे, नाहीतर तडे जातात, म्हणून त्यांनी आत लोहाचे अतिसूक्ष्म कण सोडून चुंबकीय क्षेत्राने ऊब दिली. तुमच्या कथेतल्या पेटीत गार करायचं यंत्र सगळेच लिहितात, ऊब द्यायचं यंत्र लिहा, वाचकाला कळेल की तुम्ही अभ्यास केलाय.

टाइम ट्रॅव्हल. भविष्यात जाणं खरं आहे आणि ट्रॉलरवरचा जीपीएस त्याचा पुरावा रोज देतो. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, स्क्रीन बघून जाळं टाकायची जागा गाठतो ना, ती जागा २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांतल्या घड्याळांवरून निघते. ते उपग्रह ताशी सुमारे १४,००० किलोमीटर वेगाने फिरतात, त्या वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि वर गुरुत्व कमी म्हणून ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतात. वजाबाकी केली तर रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे. ऐकायला काहीच नाही, पण एका मायक्रोसेकंदात प्रकाश ३०० मीटर जातो, म्हणजे हे सुधारलं नाही तर अंतराच्या मोजणीत दिवसाला ११ किलोमीटरहून जास्त चूक साचेल. १९७७ मध्ये एनटीएस-२ नावाचा चाचणी उपग्रह सोडला तेव्हा सुधारणा करणारा भाग सुरुवातीचे २० दिवस मुद्दाम बंद ठेवला होता, घड्याळ आइन्स्टाइनच्या हिशोबाच्या अगदी जवळपास पुढे पळालं, मग सुधारणा चालू केली. सर्गेई क्रिकालेव हा रशियन अंतराळवीर एकूण ८०३ दिवस अंतराळात राहिला, तो जमिनीवर राहिला असता त्यापेक्षा सुमारे ०.०२ सेकंदाने तरुण आहे.

०.०२ सेकंदाची कथा होत नाही, म्हणून किंमत काढू. यानात १ वर्ष आणि पृथ्वीवर १० वर्षं पाहिजेत तर वेग प्रकाशाच्या ९९.५ टक्के लागतो. ६० किलोच्या माणसाला फक्त तेवढा वेग द्यायला सुमारे १३,५०० अब्ज युनिट वीज लागेल, आणि देशाची वर्षाची निर्मिती साधारण १,७५० अब्ज युनिट धरली तर अख्ख्या भारताची सात-आठ वर्षांची वीज झाली. यानाचं वजन धरलेलं नाही, आणि थांबायला परत तेवढीच. मागे भूतकाळात जायचा रस्ता मात्र कोणत्याही प्रयोगात दिसलेला नाही, तिथे तुम्ही लेखक म्हणून मोकळे आहात.

दुसऱ्या ताऱ्यावर जायचं असेल तर एकच भागाकार करा. सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा, ४.२४ प्रकाशवर्षं. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ सेकंदाला १७ किलोमीटर जातं. त्या वेगाने सुमारे ७५ हजार वर्षं. बस, पुढे काही लिहायला नको.

अदृश्य माणूस लवकर उरकतो पण प्रयोग जरूर करा. शाळेच्या लॅबमधली बोरोसिलिकेटची परीक्षानळी आणि मेडिकलमधली ग्लिसरीनची बाटली घ्या. काचेच्या ग्लासात ग्लिसरीन ओतून नळी आत सोडा, आणि नळीच्या आतही ग्लिसरीन भरा. बुडालेला भाग दिसेनासा होतो, कारण दोघांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवतात तो आकडा, १.४७ च्या आसपास, प्रकाशाला वळायला कारणच उरत नाही. पाण्यात तीच नळी स्पष्ट दिसते. किंमत काय, ती ताज्या जवळ्यात बघा. होडीतून उतरलेला अगदी ताजा जवळा हातावर घ्या, अंग आरपार, पण डोळ्यांचे दोन काळे ठिपके उठून दिसतात. डोळ्याला बघायचं असेल तर त्याने प्रकाश अडवलाच पाहिजे. पूर्ण अदृश्य माणूस पूर्ण आंधळा असेल.

"लांबच्या ग्रहावर ऑक्सिजन आहे, कॅप्टन" असं कोणीतरी स्क्रीन बघून सांगतं तो सीन मात्र जवळजवळ फुकट पडतो, हे तंत्र आपल्याकडे आहे. प्रकाशाचे रंग वेगळे करायचे आणि कुठल्या रेघा आहेत, कुठल्या गायब आहेत ते बघायचं. घरी करायला बुटाचा खोका घ्या, एका टोकाला दोन ब्लेडच्या धारांमधून अगदी बारीक फट ठेवा, समोरच्या टोकाला जुनी सीडी तिरकी लावा, वरून बघायला भोक. एलईडी दिवा बघा, सलग पट्टा दिसेल. मग मोठ्या माणसाला सोबत घेऊन, गॅसच्या ज्योतीत मिठाचे चार दाणे टाकून बघा, सोडियमची पिवळी रेघ उठते. सूर्याकडे हा खोका कधीच रोखायचा नाही.

सूर्याच्या प्रकाशात अशीच एक पिवळी रेघ सापडली जी सोडियमची नव्हती, आणि तो हेलियम निघाला. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाशी ती जागा जोडलेली आहे आणि दरवर्षी तिथे हेलियम दिवस साजरा होतो, मला त्याचा अभिमान आहे. हेलियम तिथूनच सापडला असंही सांगितलं जातं, पण प्रदर्शनात पाटी लावणार असाल तर नीट लावा. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जॅन्सेन गुंटूरला होता, आणि इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयरने ऑक्टोबर १८६८ मध्ये ग्रहण नसताना इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, विल्यम रॅम्सेला. म्हणजे २७ वर्षं माणसाला एक मूलद्रव्य फक्त सूर्यात माहीत होतं, यापेक्षा भारी सायफाय काय असणार? आज हाच खोका मोठा होऊन अंतराळात गेलाय, जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये वॅस्प-३९बी या ग्रहाच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड ओळखला.

एक गोष्ट रागाने लिहितोय. आपल्या कातळशिल्पांवर परग्रहवाल्यांचे व्हिडिओ फार फिरतात. तपासा ना मग, तीच पद्धत लावा, काय ताणलंय? कातळ म्हणजे जांभा, अवजाराने कोरता येणारा दगड. चित्रं काय आहेत, कशेळीचा प्रचंड हत्ती आणि त्याच्या पोटात इतर प्राणी, बाकी ठिकाणी मासे, वाघळी, कासवं, म्हणजे इथल्याच माणसांनी इथेच बघितलेलं जग. लागलं काय, वेळ, माणसं आणि लांबून चित्र डोक्यात धरायची हुशारी. देवाचे गोठणे इथल्या सड्यावर होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं हे खरं आहे, फोनमध्ये फायफॉक्स अॅप टाका, चुंबकीय क्षेत्राचा आकडा बघत पावलापावलावर नोंद करा आणि वहीत नकाशा काढा. जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि वीज पडली की लोहाचे खनिजकण त्या जागी चुंबकित होऊ शकतात, म्हणून आकडे कुठे आणि कसे बदलतात याला अर्थ आहे. चित्रावर पाय मात्र देऊ नका, २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि एक बूट पुरेसा असतो झीज व्हायला.

कथा लिहिणाऱ्यांसाठी शेवटचं. एका कथेत एकच सूट घ्या, बाकी सगळं रोख. समजा सूट घेतली की माणसाला ट्रेहालोज बनवता येतं, ठीक, ती कशी ते नका सांगू. पण मग त्याला सुकायला किती दिवस लागतात, ओलं करताना पाणी खारं की गोडं, आधी कुठला अवयव जागा होतो, पावसाळी हवेत दमटपणामुळे तो मधेच अर्धवट उठतो का, हे सगळं तुम्हाला द्यावं लागेल, आणि लिहायला बसण्याआधी ते वहीत असलं पाहिजे. आर्टेमियाची बाटली टेबलावर ठेवून लिहा, पहिलं पिल्लू कवच फोडून कसं बाहेर येतं ते भिंगातून नीट बघून घ्या, कारण कवच फुटल्यावर ते लगेच पोहत नाही, थोडा वेळ एका पापुद्र्यात गुंडाळलेलं तसंच रिकाम्या कवचाला लटकून राहतं, आणि तुमच्या माणसाच्या जागं होण्याचा सीन तिथेच आहे.